जैज़ संध्येचं काय झालं

बालाघाटात जॅझ म्हणजे काय हे ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो रिटायर झालेला होता.

प्रोफेसर गुणाकर बोधनकर. सरकारी कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि मुलं जन्मभर गाइड वाचून पास झाली. दोन्ही बाजूंची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. खाणीच्या साहेबांचा क्लब बंद पडला तेव्हा लिलावात शहाण्या लोकांनी खुर्च्या, पंखे आणि बिलियर्डचं टेबल उचललं. बोधनकर सरांनी पियानो घेतला आणि तबकड्यांची एक पेटी. पियानो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आला. त्याचा एक पाय वाळवीने खाल्लेला होता, तिथे सरांनी विटा रचल्या. सर आता ह्याचं करतात तरी काय, म्हणून गल्लीने थोडे दिवस वाट पाहिली. सर तो वाजवायला लागले. मग गल्लीने वाट पाहणं सोडलं.

तबकड्यांवर परदेशी बाया गात. खर्जातल्या आवाजाच्या, नुकत्याच कुणाशी तरी भांडून आलेल्या आणि त्यात आपलंही थोडं चुकलं असं वाटणाऱ्या. सर म्हणत, "मोठा गवई हजार माणसांसाठी गातो. ह्या बाया टेबलाशी बसलेल्या एका माणसासाठी गातात, आणि बाकीचे चोरून ऐकतात. शंभर वर्षं झाली तरी हे गाणं मरत नाही ते त्यामुळे. चोरून ऐकायची हौस कधी मेली आहे का?"

हे ऐकेपर्यंत समोरच्याची पोह्यांची बशी रिकामी झालेली असे, आणि तो उठे. नीट ऐकून घेणारं माणूस सरांना फार उशिरा भेटलं. ते वीज ऑफिसात तक्रारीच्या खिडकीमागे बसलेलं होतं.

ललिता गजभिये खिडकीवर बसायला लागल्यापासून ऑफिसातल्या तक्रारी कमी झाल्या नव्हत्या, भांडणं मात्र कमी झाली होती. माणूस बिल नाचवत येई, तोंडाला येईल ते बोले. ती सगळं ऐकून घेई आणि खालच्या, जाड, बिनघाईच्या आवाजात म्हणे, "देखते हैं." त्या दोन शब्दांत काय असे कोण जाणे, माणूस बिल घडी करून खिशात घाली आणि भरून टाकी. साहेबांनी तिची बदली दोनदा थांबवली ती ह्याच कारणाने.

बोधनकर सरही बिल घेऊनच आले होते. "देखते हैं, सर," ऐकल्यावर ते खिडकीवरून हललेच नाहीत. मागची रांग ओरडायला लागली.

"तुम्ही गाता का?" सरांनी विचारलं.

ललिताला वाटलं, हा बिल माफ करून घ्यायचा नवा प्रकार असेल.

ती गायची. वॉर्डात जयंतीला, विहारात, बायकांच्या कार्यक्रमात. पण गोंदियाच्या ऑर्केस्ट्रावाल्याने एकदा तिला ऐकून सांगितलं होतं, "बाई, तुमचा आवाज लई खाली हाय. बाईचा आवाज बाईवानी पाह्यजे." तेव्हापासून ती कोरसमध्ये मागे उभी राहून गायची. सरांनी तिला पुढे आणलं. निदान आपल्या दिवाणखान्यात तरी.

मग दर रविवारी दुपारी ती सरांकडे जायला लागली. तिचा नवरा खेमराज, लामत्याच्या शाळेत हेडमास्तर, तिला स्कूटरवरून सोडायचा आणि बाहेर स्कूटर पुसत बसायचा. सरांची बायको, अलकनंदाकाकू, पोहे करायची. सर पियानोवर बसायचे आणि ललिता खिडकीशी उभी राहायची. तिचा एक दोष होता, ती तालाच्या जरा मागून यायची. भजनी मंडळात ह्यासाठी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. सरांनी पियानोवरून हात उचलले आणि डोळे मिटले.

"हेच," ते म्हणाले. "हे शिकवता येत नाही. शब्द उशिरा येतो, म्हणून माणूस त्याची वाट पाहतो. ललिताबाई, हे तुम्हाला कुठून आलं?"

"सरकारी नौकरी हाय, सर," ललिता म्हणाली.

परदेशी गाणी तिला पाठ झाली, पण तोंडात बसेनात. मग तिने स्वतःची जुळवली, आपल्या बोलीत. त्यातलं एक असं होतं:

"येतो म्हनलास, म्या पोया टाकल्या.
नाई आलास, म्याच खाल्ल्या."

दोन ओळींच्या मध्ये ती इतका वेळ थांबायची, की तेवढ्यात त्या बाईचं सगळं लग्न उभं राहून मोडून जायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर हसले, आणि मग चष्मा पुसायला लागले. आतून काकू हातात झारा घेऊन दारात आली होती. ललिताच्या आयुष्यात तिच्या गाण्याने कुणी काम सोडून उभं राहिल्याचा तो पहिला प्रसंग. त्यापुढे सरांनी तिला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर तिने फक्त कुठल्या पट्टीत, एवढंच विचारलं असतं.

अशी वर्षं गेली. दिवाणखान्याचं दार लोटलेलं असे. ते तसं का असे, हे ललिताच्या कधी डोक्यात आलं नाही. तिला वाटे, माशा येतात म्हणून.

मग ह्या हिवाळ्यात सरांनीच विषय काढला. टाऊन हॉल घ्यायचा. लोकांसमोर गायचं. खुर्च्यांच्या रांगा नकोत. टेंट हाउसमधून गोल टेबलं आणायची, प्रत्येकावर एक छोटा दिवा, चार माणसं. मध्ये ललिता. आणि नाव द्यायचं 'कॅबरे आणि जॅझ'.

"कॅबरे नको, सर," ललिता घाबरून म्हणाली. "लोक काय समजतीन?"

"त्यासाठीच!" सर पियानोवर हात आपटून म्हणाले. वाळवीच्या पायाकडून भुसा गळला. "ह्या शब्दाला सिनेमावाल्यांनी पळवून नेलं आणि पिसं लावली. आपण तो सोडवून आणायचा. तुम्ही आणि मी."

'तुम्ही आणि मी' हे ऐकायला बरं वाटलं. ललिता शब्द सोडवायच्या कामाला लागली.

सुरुवात घरातून केली. सासू अनुसयाबाई बाजेवर तूर निवडत होत्या.

"आई, कॅबरे म्हंजे नाच नोहे. टेबलापाशी लोक बसतात, आन् बाई गाते."

"नाचत नाई?"

"नाई."

"कपडे?"

"लुगडं नेसूनच."

सासूने तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. "मंग टिकीट काहून लावता? आमी त विहारात फुकट गातो."

"टिकीट नाई, आई. फुकटच हाय."

"मंग जा. पन उशीर नको करजो."

सासू सुटली. ऑफिस सुटायला जास्त त्रास झाला. साहेबांनी विचारलं, "मैडम, पंख कहाँ से मँगवा रही हैं? जबलपुर से?" आणि अख्खा बिलिंग सेक्शन चहा सांडेपर्यंत हसला. ललिताने त्यांनाही समजावलं, एकेकाला, खिडकीतल्या आवाजात. वॉर्डातल्या बायांना समजावलं. रामपायलीच्या चुलत सासऱ्यांना फोनवर समजावलं. ते म्हणाले, हौ हौ, आमी टेम्पो करूनच येतो. महिनाभरात बालाघाटच्या एका अख्ख्या वॉर्डाला कॅबरेचा खरा अर्थ ठाऊक झाला. एवढं काम कुठल्या शब्दकोशाने केलं नसेल.

खेमराज म्हणाला, "मले त त्यातलं काई समजत नाई. पन तू गातेस तवा पंख्याचा आवाज नको वाटते. बंद करून टाकतो मी." गायिकेला ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे?

पोस्टर हिंदीत करायचं ठरलं होतं. मराठी पोस्टर ह्या हिंदी मुलखात फक्त लिहिणारा वाचतो. मजकूर दोघांनी मिळून केला: 'कैबरे और जैज़ संध्या. गायन: ललिता गजभिये. संगत: प्रो. गुणाकर बोधनकर.' हा क्रम सरांनी सुचवला होता. गायिकेचं नाव वर, मोठ्या अक्षरात. पोस्टर छापून आणायचं कामही सरांनीच घेतलं. "तुम्ही फक्त गळा सांभाळा," असं म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ललिता ऑफिसला निघाली, आणि काली पुतली चौकात खेमराजने स्कूटर अशी थांबवली की ती त्याच्या पाठीवर आदळली.

चौकात फ्लेक्स लागला होता. चांगला मोठा, पांढरा-केशरी. त्यावर लिहिलं होतं: 'जैन भक्ति संध्या. निर्देशन एवं संगत: प्रो. गुणाकर बोधनकर.' खाली, बारीक अक्षरात, 'गायन: ललिता जी एवं साथी.'

"हे तुयं होय का वं?" खेमराजने विचारलं.

ललिताने तिथूनच सरांना फोन लावला.

"पाहिलं मी," सर दमल्यासारखे म्हणाले. "हिरालालने घोळ घातला. जैज़चं जैन केलं. ज आणि न मध्ये काय असतं हो, एक दांडी. ह्या प्रेसवाल्यांना कुणी शिकवलंच नाही."

"आता, सर?"

"आता काय. पन्नास ठिकाणी लागलेत. जैन समाजाचे लोक फोन करून विचारताहेत, किती वाजता यायचं. आता त्यांना नाही कसं म्हणायचं? आपण असं करू. तुम्ही एक-दोन भजनं म्हणा. त्यांचं मन राहील. मग हळूच आपलं सुरू करू. काय?"

"हौ, सर," ललिता म्हणाली. तिला सरांची दया आली. एवढा शिकलेला माणूस, आयुष्यभर एक गोष्ट मनात धरून बसला, आणि ती शेवटी एका फ्लेक्सवाल्याच्या हातात पडली. तिला हिरालालचा इतका राग आला की तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि खेमराजला म्हणाली, "चला जी, त्या प्रेसवाल्याकडे."

हिरालालचं दुकान बस स्टँडच्या मागे. बाहेर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे वाळत घातलेले. हिरालाल आत भजी खात होता. ललिता कधी कुणावर ओरडत नसे, पण आज सरांच्या वतीने आली होती; दुसऱ्यासाठी ओरडायला माणसाला वेगळंच बळ येतं.

"भैया, पढ़ना-लिखना आता है कि नहीं? जैज़ का जैन कर दिए! सर का कितना नुकसान हुआ, मालूम है?"

हिरालालने भजं खाली ठेवलं.

"मैडम, सुबह से चौथा आदमी मुझे अनपढ़ बोलकर गया है. अब आप भी बोल लो." तो उठून उभा राहिला. "हाँ, पहली बार गलती हुई. लड़का कंप्यूटर पर था, उसने जैन कर दिया. पर छापने के पहले मैंने सर को मोबाइल पे भेजा. सर खुद चलके आए. यहीं खड़े थे, जहाँ आप खड़ी हो. मैंने पूछा, सर, ये जैज़ है कि जैन? बोलो तो अभी ठीक करूँ."

"तो?"

"तो सर बहुत देर देखते रहे. फिर बोले, जैन ही रहने दो."

खेमराज दुकानाबाहेर एका पुढाऱ्याच्या चेहऱ्याजवळ उभा होता, तो आत बघायला लागला.

"फिर बोले, संध्या के पहले भक्ति जोड़ दो. और कैबरे निकाल दो. मैंने जोड़ दिया, निकाल दिया. मेरा क्या जाता है." हिरालालने हात पुसले. "आपका नाम भी ऊपर था न? वो बोले नीचे लो. मैंने कहा, सर, सरनेम कट रहा है. बोले, कटने दो, 'जी' लगा दो."

ललिता तक्रारीच्या खिडकीमागे एवढी वर्षं बसली होती. मीटर चुकीचं पळतं, हे तिला मान्य होतं. पण मीटर पळता पळता स्वतःहून पोलवर चढून कुणाचं कनेक्शन कापत नाही. 'न' ही चूक असू शकते. 'भक्ति' ही चूक नव्हती. आणि 'जी' तर मुळीच नव्हती.

"आप बैठो मैडम, पानी पियो," हिरालाल म्हणाला.

ती बसली नाही. "सरायच्या घरी चला," खेमराजला म्हणाली.

रविवार नव्हता, आणि दुपारही झाली नव्हती. सर दिवाणखान्यात एकटेच होते. ललिताला दारात पाहून ते उठले, मग पुन्हा बसले. आत स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता, तो बंद झाला.

"हिरालालकडून येऊन राह्यली," ललिता म्हणाली.

सरांनी पियानोचं झाकण बंद केलं.

"बसा, ललिताबाई."

"नाही, सर."

"चूक खरंच झाली होती," सर म्हणाले. "मी फक्त ती दुरुस्त केली नाही." वाक्य चांगलं होतं. ते त्यांनी आधीच तयार केलेलं असावं. "तुम्ही समजून घ्या. महाराष्ट्र मंडळात लोक विचारायला लागले होते. बोधनकर, ह्या वयात कॅबरे? अलकनंदाला कुणीतरी देवळात विचारलं. माझ्या जावयाचा रायपूरहून फोन आला. मी झोपलो नाही त्या रात्री. आणि दुसऱ्या दिवशी हिरालालकडून मोबाइलवर ते 'जैन' आलं. मला वाटलं... सुटलो."

"तुम्हीच म्हटलं होतं, शब्द सोडवून आणायचा."

"म्हटलं होतं."

"मग सांगायचं ना त्याईले, काय असते ते. तुम्ही मले सांगितलं. मी माह्या सासूले सांगितलं. तिले समजलं, सर." ललिताचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सरांना सोपं गेलं असतं. "साहेब मले पिसं विचारून राह्यले होते. मी आयकून घेतलं."

सरांनी झाकणावरची धूळ बोटाने पुसली.

"आणि गजभिये?"

"ते... जागा नव्हती. आडनाव लांब होत होतं."

"गजभिये चार अक्षरं हाय, सर. बोधनकर पाच."

बाहेर खेमराज खोकला. सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पण तो पुसला नाही, नुसता हातात धरला. मग हळूच म्हणाले, "भक्ती संध्या आहे ना. त्यांना कसं वाटलं असतं, एवढाच विचार केला. तुमच्याच भल्यासाठी."

ललिता वळली. दार लोटलेलं होतं. ते उघडताना तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की दाराला बाहेरून जाळी होती. माशा येण्याचा प्रश्नच नव्हता.

कार्यक्रमाला जायचं नाही, हे तिने स्कूटरवर ठरवलं. घरी पोहोचेपर्यंत ते मोडलं. रामपायलीच्या लोकांचा टेम्पो ठरला होता. वॉर्डातल्या बाया साड्या काढून बसल्या होत्या. ह्या सगळ्यांना तिने महिनाभर एकेकाला धरून समजावलं होतं. आता त्यांना काय सांगणार? शब्द सोडवायला निघालो होतो, पण सोबतीच मागच्या मागे पळून गेले?

टाऊन हॉलात गोल टेबलं नव्हती. पांढऱ्या गाद्या होत्या, लोड होते, उदबत्ती होती. जैन समाजाची मंडळी दिवस मावळायच्या आत जेवण आटोपून वेळेवर आली होती, पांढऱ्या, नीट घडीच्या कपड्यांत, आणि पुढे शांत बसली होती. बालाघाटात वेळेवर सुरू होऊ शकलेला तो बहुधा पहिला कार्यक्रम. मागे रामपायलीचा टेम्पो, वॉर्ड, बिलिंग सेक्शन. बिलिंग सेक्शन फ्लेक्स वाचून आला होता आणि गंभीर चेहरे करून बसला होता, ते हसण्यापेक्षा वाईट.

पियानो विटांवरून हलण्यासारखा नव्हता, म्हणून सरांनी कीबोर्ड आणला होता. पांढरा कुडता. ललिताकडे पाहून त्यांनी मान हलवली, जसं काही सगळं मिटलं आहे.

"अब आ रही हैं, ललिता जी!" निवेदकाने सांगितलं.

सरांनी ठरलेल्या भजनाचे सूर धरले. ललिता माइकशी आली. सूर एकदा फिरून आले, दुसऱ्यांदा आले. तिने तोंड उघडलं नाही. सरांनी हळूच हात थांबवले.

"मेरा नाम ललिता खेमराज गजभिये है," ती म्हणाली. "बाहर जैन भक्ति लिखा है. मुझे जैन भजन नहीं आते. एक कल रात याद किया, पर आप लोग उसको मुझसे अच्छा जानते हैं. मुझे जो आता है, वो जैज़ है. कैबरे भी बोलते हैं. आप दूसरी चीज के लिए आए हैं. जिसको जाना है, वो जाए. मैं बुरा नहीं मानूँगी."

मागून दोघं-तिघं उठले. पुढे अगदी मधोमध बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कानामागे हात धरला.

"वो क्या होता है, बेटा?"

"गाना ही होता है, अम्मा," ललिता म्हणाली. "बस इसमें आदमी आता नहीं."

म्हाताऱ्या बाईंनी विचार केला. "तो गाओ," त्या म्हणाल्या. "हम तो जीमकर आए हैं. कौन सी जल्दी है."

हॉल हसला. ललिताने डोळे मिटले नाहीत, त्या बाईंकडेच पाहिलं, आणि सुरू केलं. संगत नाही, काही नाही. येतो म्हनलास, म्या पोया टाकल्या. मग ती थांबली. रामपायलीच्या चुलत सासऱ्यांना मराठी समजत होती आणि आपली बायकोही ठाऊक होती. ते तिच्या आधीच हसले. नाई आलास, म्याच खाल्ल्या. म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीला अर्थ विचारला, ऐकला, आणि मांडीवर हात मारला. मग त्यांचा हात तिथेच राहिला आणि त्या हसायच्या थांबल्या, कारण पुढचं कडवं हसण्याचं नव्हतं. पुढच्या कडव्यात बाई दुसऱ्या दिवशी परत कणीक मळते.

त्या कडव्याच्या मध्यात कीबोर्ड आला.

सर आले ते अलगद, तिच्या मागून, ती जिथे उशीर करणार होती नेमक्या त्या जागेत. दोन कॉर्ड. एवढ्या वर्षांत त्यांनी इतकं सुरेख कधी वाजवलं नव्हतं. दिवाणखान्यात तर नाहीच. ललिताच्या पाठीचा कणा त्या सुरांवर आपोआप टेकायला निघाला, आणि तेव्हाच तिला कळलं सर आत्ताच का आले. हॉल हसला होता. म्हाताऱ्या बाईंनी परवानगी दिली होती. आता यायला हरकत नव्हती.

ती गाता गाता थांबली.

"सर, राहू द्या," ती म्हणाली. माइक चालू होता.

सरांनी हात उचलले. ते हात त्यांना ठेवायला जागा सापडेना. शेवटी मांडीवर ठेवले. ललिताने कडवं तिथूनच उचललं. ते चांगलं झालं नाही. वर्षानुवर्षं पाठीशी पियानो घेऊन उभं राहिलेल्या गळ्याला एकट्याने चालायची सवय नव्हती. सूर घसरला, एका जागी तर चांगलाच. तिला ते कळलं. लोकांना बहुतेक कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण एका माणसाला ते कळलं होतं, तिच्यामागे दोन हातांवर, आणि त्याला ते कळलंय हे तिला कळत होतं.

तीन गाणी म्हणून ती खाली उतरली. टाळ्या चालू असतानाच सरांनी माइक घेतला.

"मित्रो," ते म्हणाले, "आपने अभी जो सुना, इस पर हम बरसों से मेहनत कर रहे हैं." 'हम' म्हणताना त्यांनी एक हात छातीवर ठेवला. "कैबरे के बारे में इस शहर में बड़ी गलतफहमी है. मैं हमेशा कहता आया हूँ, बड़ा गायक हजार लोगों के लिए गाता है..."

आणि त्यांनी ते सांगितलं, अख्खं, चोरून ऐकण्यापर्यंत. उत्तम सांगितलं. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांनी ह्या वयात कॅबरे असं विचारलं होतं, मान डोलावली. टाळ्या ललिताला पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त पडल्या. शाल आणि नारळ एकच आणलेला होता. तो निर्देशकांसाठी होता.

बाहेर खेमराज स्कूटर काढत होता. अलकनंदाकाकू पदर सावरत मागून आली आणि तिने ललिताचा हात धरला.

"छान झालं हो. मी त्यांना म्हटलं होतं, ललिताला आधी सांगा. त्या प्रेसवाल्याकडून आले तेव्हाच म्हटलं होतं."

"केव्हा आले होते ते, काकू?"

"झाले की आठ-दहा दिवस."

मधल्या रविवारी ललिता त्यांच्याकडे गेली होती. काकूने पोहे केले होते. वरून ओलं खोबरं घातलं होतं, एरवी घालत नसे.

"तुमीच सांगायचं होतं, काकू."

"मी कशी सांगणार गं?" काकू खरंच नवल वाटून म्हणाली.

ललिताने हात सोडवून घेतला, हिसका न देता. मागे हॉलचं दार उघडलं आणि लोक सरांभोवती गोळा होऊन बाहेर यायला लागले. सरांनी तिला पाहिलं. शाल सावरत त्यांनी हाक मारली, "ललिताबाई! रविवारी—"

"चला जी," ललिता खेमराजला म्हणाली.

गर्दीतून त्याने स्कूटर बाहेर काढली. चौकातला फ्लेक्स अजून होता, तिथे त्याने वेग वाढवला. रेल्वे फाटक बंद होतं, तिथे थांबावं लागलं.

"आता कोन वाजवन तुयासाठी?" त्याने विचारलं.

"कोनी नाई."

"गोंदियाले एक कीबोर्डवाला हाय. विचारू का?"

"त्याले नाई जमनार."

"शिकन नं."

"नाई शिकत कोनी ते." ती फाटकाकडे पाहत होती. "सरायलेच येते."

खेमराजने वळून पाहिलं. त्याला वाटलं, ती रडते आहे. ती रडत नव्हती. ती ते दोन कॉर्ड ऐकत होती. थांबवले तेव्हापासून ते कानातून गेलेच नव्हते. त्यांच्यापुढे तिसरा कुठला आला असता तेही तिला ऐकू येत होतं, आणि तो कुठे लावायचा हे बालाघाटात एकाच माणसाला माहीत होतं. कॉर्ड खोटे असते तर बरं झालं असतं. ते अगदी बरोबर होते.

मालगाडी आली. लांब होती. दोघं ती जाईपर्यंत उभे राहिले.